घरात असताना चेहऱ्याला काय लावायचं: तीन बाटल्या की दहा?

घरून काम सुरू झालं, किंवा काही कारणाने दोन-चार महिने घरीच राहायची वेळ आली, की चेहऱ्याच्या बाबतीत माणसं दोन टोकांना जातात. काहींचं म्हणणं, आता बघतंय कोण? त्यांचं सकाळचं तोंड दुपारी धुतलं जातं. इतरांना वाटतं, एवढा वेळ हाताशी आलाय तर इतकी वर्षं राहिलेलं सगळं करून घेऊ. मग बेसिनवरच्या फळीवर बाटल्यांची रांग लागते. मी दुसऱ्या टोकाची. दीड महिन्यात माझ्या फळीवर तीनाच्या नऊ बाटल्या झाल्या आणि एका सकाळी नुसत्या नळाच्या पाण्याने गाल चरचरले. तेव्हापासून या दोन पद्धती मी शेजारी शेजारी ठेवून बघते आहे.

छोटं रूटीन म्हणजे सौम्य क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. मोठं म्हणजे आधी तेलकट क्लेन्झर, मग फेसवाला, टोनर (धुतल्यावर लावायचं पाण्यासारखं द्रव), मृत पेशी काढणारं ॲसिड, एक-दोन सीरम (एखाद्या ठरावीक कामाचं पातळ द्रव), डोळ्यांखालचं क्रीम, मॉइश्चरायझर, वरून फेस ऑइल आणि मधूनमधून मास्क. छोट्याला तीन मिनिटं पुरतात, मोठ्याला सहज वीस-पंचवीस. पण घरी असलेल्याकडे मिनिटांना तोटा नसतो, म्हणून निवड वेळेवरून करू नये. घरात राहिल्यामुळे त्वचेची गरज कशी बदलते, ते आधी बघायला हवं.

बदलतं ते असं. धूळ, धूर, घाम आणि मेकअप जवळजवळ गेले, म्हणजे धुण्याचं काम कमी झालं. एसी किंवा हीटर दिवसभर चालू असेल तर हवा कोरडी होते आणि त्वचेतलं पाणी जास्त वेगाने उडून जातं, म्हणजे ओलावा राखण्याचं काम वाढलं. उन्हाचं गणित मात्र तुम्ही कुठे बसता त्यावर ठरतं. मोठ्या रूटीनचा सगळा भर साफसफाईवर आणि ॲसिडवर असतो, आणि घरी नेमकी त्याचीच गरज कमी झालेली असते.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाडीचा. मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सेरामाइड, कोलेस्टेरॉल, फॅटी ॲसिड या स्निग्ध पदार्थांचा गिलावा, अशी त्याची रचना. दिवसातून दोनदा फेस, वर टोनर, वर ॲसिड असं सुरू केलं की हा गिलावाच निघतो. मग पाणीही झोंबतं, आणि एरवी चालणारं क्रीमही चुणचुणतं. माझं हेच झालं होतं. त्यात भर म्हणजे, एका आठवड्यात तीन नव्या वस्तू सुरू केल्यामुळे दोषी कोण हे कळायला मार्ग नव्हता. छोट्या रूटीनचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच: काही बिघडलं तर चोर लगेच सापडतो.

मोठ्या रूटीनच्या बाजूनेही बोललं पाहिजे. दिवसभर त्याच चार भिंतींत राहिल्यावर रात्री शांतपणे चेहऱ्याला काहीतरी लावत बसणं हा एक विसावा असतो, आणि तो काही खोटा नसतो. ज्यांची त्वचा जाड, तेलकट आणि सोशिक आहे त्यांना त्याचा त्रासही होत नाही. फक्त त्या नऊ-दहा बाटल्यांत ॲसिड किंवा रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए च्या कुळातलं औषध) एकच असावं, बाकीचं साधं ओलावा देणारं असावं. कोरडी, नाजूक किंवा चटकन लाल होणारी त्वचा असेल तर मात्र माझं उत्तर सरळ आहे: तीनच बाटल्या.

क्लेन्झर

यात फार डोकं घालवू नका. फेसवाला की क्रीमसारखा, हा प्रश्न एका खुणेवर सुटतो. तोंड पुसल्यावर पाच मिनिटांनी गाल ताणल्यासारखे वाटले तर क्रीमसारखा घ्या. साध्या साबणाचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा (७ च्या खाली आम्ल, वर अल्कली), ९-१० च्या आसपास असतो आणि त्वचेचा ५ च्या आसपास, म्हणून अंगाचा साबण चेहऱ्याला नको. घरीच असाल आणि त्वचा कोरडी असेल तर सकाळी नुसतं कोमट पाणी चालतं. क्लेन्झर रात्री, सनस्क्रीन काढायला.

मॉइश्चरायझर: जेल, क्रीम की मलम?

ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड, युरिया हे पाणी धरून ठेवतात. पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाही आणि त्या कामात तिच्या तोडीचं फारसं काही नाही. १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही वस्तू आजही टिकून आहे ती त्यामुळेच. जेलमध्ये पहिल्या प्रकारचा माल जास्त, मलमात दुसऱ्या प्रकारचा, क्रीममध्ये दोन्ही. दमट हवेत, पंख्याखाली बसणाऱ्या तेलकट त्वचेला जेल पुरतं. एसीत बसणाऱ्याला नुसतं जेल दुपारपर्यंत टिकत नाही, त्याने क्रीम घ्यावं. कुठलंही घ्या, तोंड धुतल्यावर ते ओलसर असतानाच लावा. कोरड्याठाक चेहऱ्यावर महागडं क्रीम चोपडण्यापेक्षा ओल्या चेहऱ्यावर साधं क्रीम जास्त काम करतं.

सनस्क्रीन: घरात लावायचं का?

सर्वांत जास्त वाद इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू. उन्हातल्या अतिनील किरणांचे आपल्या कामाचे प्रकार दोन. यूव्हीबी त्वचा भाजून लाल करते. यूव्हीए खोलवर जाते, डाग गडद करते, सुरकुत्या आणते. खिडकीची साधी काच यूव्हीबी बहुतांशी अडवते, यूव्हीए मात्र बरीचशी आत सोडते. त्यामुळे काचेमागे बसून चेहरा भाजत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. माझं टेबल खिडकीला डावीकडून लागून आहे. वर्षभराने आरशात बघितलं तर डाव्या गालावरचा वांगाचा डाग उजव्यापेक्षा स्पष्ट गडद दिसत होता. एका चेहऱ्यावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मान्य, पण त्या दिवसापासून मी सनस्क्रीन टाळलेलं नाही.

तर निवड अशी करा. दिवसाउजेडी खिडकीपासून हातभर अंतरावर बसत असाल, किंवा वांग, मुरुमांचे डाग यांचा त्रास असेल, तर लावा. घराच्या आतल्या बाजूला, ऊन पोचत नाही अशा खोलीत दिवस जात असेल आणि डागांचा प्रश्न नसेल, तर नाही लावलं तरी आभाळ कोसळत नाही. जाड पडदा ओढणं हाही उपायच आहे आणि तो चिकट नसतो. लॅपटॉप-मोबाइलच्या निळ्या प्रकाशाची भीती घालून विकली जाणारी क्रीम खुशाल सोडून द्या. स्क्रीनचा प्रकाश सूर्याच्या मानाने अगदीच किरकोळ असतो.

आकड्यांच्या मागेही फार लागू नका. एसपीएफ म्हणजे सनस्क्रीनच्या डब्यावरचा संरक्षणाचा आकडा. एसपीएफ ३० यूव्हीबीचा सुमारे ९७ टक्के भाग अडवतो, ५० वाला सुमारे ९८ टक्के. आणि हा आकडा यूव्हीबीचा आहे. काचेमागे बसणाऱ्याने डब्यावर 'ब्रॉड स्पेक्ट्रम', म्हणजे यूव्हीएही अडवणारं, असं लिहिलंय का ते बघावं. वांग असेल तर लोह ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन बिनरंगी सनस्क्रीनपेक्षा सरस, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि तो प्रकाश बिनरंगी सनस्क्रीनमधून आरपार जातो. प्रमाण म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर टोकापासून मुळापर्यंत ओढलेल्या दोन रेघा, चेहरा आणि मान मिळून. वाटाण्याएवढं लावून एसपीएफ ५० मिळत नाही. बाहेर असताना दर दोन तासांनी परत लावायचं असतं. घरी सकाळचं एकदा लावलेलं बहुधा पुरतं, पण भर दुपारी गच्चीत किंवा बाल्कनीत जाणार असाल तर ते बाहेर जाणंच धरा.

चौथी बाटली

तीन बाटल्या नीट बसल्या, महिनाभर काही कुरकुर नाही, आणि एखादी ठरावीक तक्रार आहे, तरच चौथी घ्या. इथे मात्र घरी असण्याचा खरा फायदा होतो.

तक्रार पुटकुळ्यांची आणि काळ्या ठिपक्यांची असेल तर सॅलिसिलिक ॲसिड बघा. ते तेलात विरघळतं, म्हणून रंध्रांत शिरतं. २ टक्क्यांपर्यंतचं पुरे. सुजलेल्या, लाल मुरुमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड जास्त उपयोगी, आणि त्यात १० टक्क्यांच्या मागे धावण्याचं कारण नाही: २.५ टक्केवालं जवळपास तेवढंच काम करतं आणि जाळतं कमी. एक सूचना. माझ्या निळ्या उशीच्या अभ्र्यावर गालाच्या आकाराचा फिकट नारिंगी डाग आहे तो याचाच. हे औषध कापडाचा रंग उडवतं, तेव्हा टॉवेल आणि अभ्रे पांढरे ठेवा.

निस्तेजपणा आणि डाग ही तक्रार असेल तर व्हिटॅमिन सी की नायसिनमाइड, असा प्रश्न पडतो. शुद्ध व्हिटॅमिन सी म्हणजे एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड. ते त्वचेत शिरायला ३.५ च्या खालचा पीएच लागतो, त्यामुळे ते झोंबतं, आणि हवा-उजेडाने बिघडून पिवळं, मग तपकिरी होतं. नायसिनमाइड सौम्य, टिकाऊ आणि बहुतेकांना मानवणारं. पहिल्यांदाच काही घेणाऱ्याला मी डोळे झाकून नायसिनमाइड सांगेन, ४-५ टक्क्यांचं.

सुरकुत्या आणि मुरुम दोन्ही असतील तर रेटिनॉइड. यावर अभ्यासही सर्वांत जास्त झालेला: ट्रेटिनॉइन या रेटिनॉइडचा मुरुमांवरचा उपयोग १९६९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पण सुरुवातीचे काही आठवडे चेहऱ्याला पापुद्रे सुटतात, लाली येते, कधी मुरुम आधी वाढतात. रोज ऑफिसात जाणारी माणसं इथेच हात टेकतात. घरी हा काळ कॅमेरा बंद ठेवून निभावता येतो. आठवड्यातून दोन रात्री, आधी मॉइश्चरायझर, मग वाटाण्याएवढं औषध सगळ्या चेहऱ्याला. नंतर सवयीप्रमाणे वाढवा. फरक दिसायला तीन महिने धरा, कारण त्वचेची एक पिढी बदलायलाच सुमारे चार आठवडे लागतात आणि वयाबरोबर त्याहून जास्त. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर मात्र रेटिनॉइड अजिबात नको.

यातलं कुठलंही आणलं की आधी कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघा. आणि डॉक्टरांनी न सांगितलेलं स्टेरॉइडचं क्रीम चेहऱ्याला लावू नका. पहिल्या आठवड्यात ते जादू करतं, मग सोडवत नाही.

स्वयंपाकघर की बाटली?

घरी असलं की स्वयंपाकघरातलं काहीतरी चेहऱ्याला लावायचा मोह होतोच. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो, आणि त्याचा अंश त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येऊन महिनोन्‌महिने राहणारे काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, अल्कली. साखरेच्या दाण्यांनी खरवडणं, मुरुमावर टूथपेस्ट, हेही नको. घरच्या घरी सुयांचा रोलर फिरवणं तर मुळीच नको.

माझ्या नऊ बाटल्यांपैकी तीन फळीवर राहिल्या, नायसिनमाइड धरून चार. व्हिटॅमिन सी तपकिरी झालं होतं, ते टाकलं. दोन बाटल्यांवर उघड्या डबीचं चित्र आणि त्यात १२ आकडा होता, म्हणजे उघडल्यापासून बारा महिने. ते कधीच उलटून गेले होते, त्याही गेल्या. फेस ऑइल कोपरांना लावून संपवलं. ग्लायकोलिक ॲसिडवालं लोशन रात्री पायाच्या टाचांना लावते, आणि चेहऱ्यावर जे नको होतं ते तिथे छान चाललंय.