मैदान खरं होतं, शाळाच नव्हती

'खेळ आणि शिक्षण एकाच छताखाली' असं सांगणाऱ्या फुटबॉल अकादमीत मुलाला घालायचा विचार तुमच्या घरात चालू असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. आमची फसवणूक मैदानावर झाली नाही. मैदान उत्तम होतं, कोच मन लावून शिकवत होते, सकाळ-संध्याकाळ सराव होत होता. फसवणूक झाली ती शिक्षणाच्या अर्ध्या भागात. फुटबॉल अकादमी बघायला गेलेले पालक मैदान बघतात आणि ज्या वेळी वर्ग भरतो म्हणतात, त्या वेळी तिथे कुणीच नसतं. अकादमी चालवणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक होतं.

मुलगा तेव्हा चौदाव्या वर्षात होता. डावखुरा, विंगवर खेळणारा, वेगवान. आंतरशालेय सामना संपल्यावर एक गृहस्थ त्याच्या वडिलांना भेटले, कार्ड दिलं, मुलाच्या दोन चाली अगदी बारकाईने वर्णन करून सांगितल्या. त्यांनी खेळ खरोखर पाहिला होता, त्यामुळे विश्वास बसला. पुढे ट्रायल झाली. छोट्या संघांचे सामने, कॅमेरे, वहीत टिपणं काढणारे कोच. संध्याकाळीच फोन आला: निवड झाली, शिवाय गुणवत्तेवर अर्धी फी माफ. पुढे इतर पालकांशी बोलणं झालं तेव्हा कळलं, की ट्रायलला आलेल्या प्रत्येक मुलाची निवड झाली होती आणि प्रत्येकाची अर्धी फी माफ झाली होती. म्हणजे ती अर्धी फी हीच पूर्ण फी होती.

पालकसभेत त्यांनी जे दाखवलं, त्यातलं बरंचसं खरं होतं आणि मला आजही त्याचाच सर्वांत जास्त राग येतो. बार्सिलोना क्लबाच्या 'ला मासिया' या युवा अकादमीची गोष्ट सांगितली: १७०२ साली बांधलेलं शेतावरचं जुनं घर, १९७९पासून तिथे राहून शिकणारी आणि खेळणारी मुलं, २०११मध्ये झालेलं नव्या इमारतीतलं स्थलांतर. फ्रान्समधल्या क्लेरफाँतेनच्या राष्ट्रीय केंद्राबद्दल सांगितलं, जिथे मुलं आठवडाभर शाळा आणि सराव करतात आणि शनिवार-रविवारी आपापल्या क्लबकडून खेळायला घरी जातात. पडद्यावरचा प्रत्येक फोटो खऱ्या संस्थेचा होता. मग शेवटी एका युरोपीय व्यावसायिक क्लबाचं बोधचिन्ह आलं आणि त्याखाली 'अधिकृत भागीदार' असे शब्द. मूळ क्लबाची पद्धत, मूळ क्लबाचा अभ्यासक्रम, सकाळी सराव, मग वर्ग, मग पुन्हा सराव, आणि सोळाव्या वर्षी निवडक मुलांना थेट मूळ क्लबात पाठवणार. शाळेबद्दल विचारलं तेव्हा एका मान्यताप्राप्त शाळेचं नाव सांगितलं. शाळा खरीच होती, तिचं नावही चांगलं होतं.

पहिले काही महिने आम्ही सुखात होतो. मुलाचे व्हिडिओ यायचे. भेट फक्त रविवारी, फोनही रविवारीच, 'मुलांची एकाग्रता मोडू नये म्हणून'. सत्र संपलं की प्रगतिपुस्तक यायचं, त्यावर शाळेचं नाव, शिक्का, वर्गशिक्षकांची सही. शेरा होता: 'मेहनती आहे. गणिताकडे अधिक लक्ष द्यावे.' मला तो पटलाही, कारण गणितात तो कच्चाच होता.

मग त्याचा गुडघा दुखायला लागला. वाटीच्या खाली, हाडाला जिथे स्नायूबंध जोडलेला असतो तिथे. झपाट्याने उंची वाढणाऱ्या आणि खूप पळणाऱ्या मुलांमध्ये हे दुखणं अगदी नेहमीचं आहे, विश्रांतीने आणि सरावाचा भार कमी केल्याने बरं होतं. डॉक्टरांनी काही आठवडे खेळ बंद ठेवायला सांगितला. त्या रविवारी फोनवर त्याच्या आवाजात काहीतरी वेगळं होतं. मी म्हटलं, "कंटाळा आला असेल ना रे?" तर म्हणाला, "आई, दिवसभर खोलीत पडून असतो. काही करायलाच नसतं." मी विचारलं, "आणि वर्ग?" पलीकडून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग हळूच म्हणाला, "वर्ग म्हणजे... कधीकधी एक दादा येऊन पुस्तकं उघडायला सांगतो."

त्याला गप्प राहायला कुणी धमकावलं नव्हतं. शाळा नसल्याचं घरी कळलं तर आईबाबा परत नेतील आणि फुटबॉल सुटेल, ही भीती त्याची त्यालाच होती. बहुतेक सगळ्या मुलांना होती. या फसवणुकीचं कुलूप मुलांच्याच हातात दिलेलं असतं. म्हणून सांगते, मुलाला 'शाळा कशी चाललीय' असं मोघम विचारू नका. काल कोणत्या विषयाचा तास झाला, कोणता धडा चालू आहे, बाई कोण आहेत, वही दाखव, असं विचारा. आणि त्याने खरं सांगितलं तर त्याच क्षणी त्याच्यावर ओरडू नका.

आम्ही न कळवता कामाच्या दिवशी गेलो. वेळापत्रकात ज्याला विज्ञानाचा तास म्हटलं होतं, त्या वेळी मुलं झोपली होती. 'अभ्यासिका' नावाच्या खोलीत गाद्यांची चळत, सरावाचे शंकू आणि एक फळा होता. तिथून सरळ प्रगतिपुस्तकावरच्या शाळेत गेलो. कार्यालयातल्या बाईंनी रजिस्टर दोनदा चाळलं. आमच्या मुलाचं नाव नव्हतं. पूर्वी या अकादमीची थोडी मुलं त्यांच्याकडे होती, पण फी थकल्यावर शाळेने संबंध तोडले होते. शिक्का पाहून बाई म्हणाल्या, हा आमचा नाहीच. मुलाचा जुन्या शाळेतून काढलेला दाखला अकादमीच्या कपाटात तसाच पडून होता. कागदोपत्री आमचं मूल कुठल्याच शाळेत नव्हतं.

अकादमीच्या संचालकांचं उत्तर ऐकून ठेवा, कारण ते तुम्हालाही मिळेल. "मॅडम, तुम्ही त्याला फुटबॉलसाठी पाठवलंय ना? फुटबॉल तर शिकतोय." मग करारपत्र पुढे केलं. त्यात 'शाळा' हा शब्द कुठेच नव्हता. 'शैक्षणिक साहाय्य' असा होता.

त्या युरोपीय क्लबालाही आम्ही ईमेल केला. उत्तर सभ्य आणि स्पष्ट होतं: काही काळापूर्वी प्रशिक्षण शिबिरापुरता करार झाला होता, तो संपला आहे, या वसतिगृहाशी आमचा संबंध नाही. हा फरक पालकांना माहीत असायलाच हवा. अनेक मोठे क्लब आपल्या नावाने जगभर शिबिरं आणि फुटबॉल शाळा चालवू देतात. तो त्यांचा उघड आणि वैध व्यवसाय आहे, त्यात फी भरूनच मूल जातं. पण तिथे शिकणारं मूल त्या क्लबाचं खेळाडू होत नाही. क्लबाची खरी अकादमी वेगळी. तिथे क्लब मुलाला निवडतो आणि त्याच्यावर स्वतः खर्च करतो, कारण पुढे हा खेळाडू दुसऱ्या देशातल्या क्लबात गेला तर त्याला घडवणाऱ्या क्लबांना फिफाच्या नियमांनुसार भरपाई मिळते. १२ ते २३ या वयात ज्या क्लबांनी त्याला शिकवलं, त्यांच्यासाठी पुढच्या हस्तांतराच्या रकमेतले, म्हणजे नवा क्लब खेळाडूसाठी जुन्या क्लबाला देतो त्या पैशातले, ५ टक्के राखलेले असतात. या हिशेबात क्लब आधी गुंतवतो आणि नंतर कमावतो. जिथे सगळा पैसा पालकांकडून आगाऊ येतो, तिथे त्या माणसांना तुमचा मुलगा खेळाडू झाला काय आणि न झाला काय, सारखंच.

'सोळाव्या वर्षी मूळ क्लबात' हे आश्वासन तर निव्वळ खोटं होतं. फिफाच्या नियमांतलं १९वं कलम १८ वर्षांखालच्या खेळाडूंच्या आंतरराष्ट्रीय हस्तांतराला मनाई करतं. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, मूल सीमेलगत राहत असेल, निर्वासित असेल, असे. १६ ते १८ची सवलत आहे, पण ती मुख्यतः युरोपीय संघ आणि युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या आतल्या आत जाणाऱ्यांसाठी. हा नियम किती कडक आहे बघा. अल्पवयीन खेळाडूंच्या बाबतीत नियम मोडल्याबद्दल २०१४मध्ये बार्सिलोनावर, २०१६मध्ये रेआल माद्रिद आणि अॅटलेटिको माद्रिदवर, २०१९मध्ये चेल्सीवर खेळाडू घेण्याची बंदी आली. एवढ्या मोठ्या क्लबांना जे पचलं नाही, ते भाड्याचं वसतिगृह चालवणारा माणूस तुमच्या मुलासाठी कुठून घडवून आणणार?

आणि गंमत नव्हे, दुःख असं, की त्याच कलमात युरोपातल्या १६ ते १८च्या सवलतीसाठी क्लबावर अट घातली आहे: मुलाला फुटबॉलबरोबर असं शिक्षण द्यायचं, की खेळ थांबला तरी तो दुसरं काही करून जगू शकेल. हे उपकार म्हणून नाही. व्यावसायिक अकादमीत शिरलेल्या बहुसंख्य मुलांना व्यावसायिक करार मिळत नाही, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं. २०००च्या युरो स्पर्धेत जर्मनी गटातच गारद झाला, तेव्हा तिथे बुंडेसलीगाच्या, म्हणजे जर्मनीच्या सर्वोच्च लीगच्या, क्लबांना युवा केंद्रं सक्तीची केली गेली आणि त्या केंद्रांना शाळा जोडल्या गेल्या. इंग्लंडमध्ये २०१२पासून अकादम्यांची वर्गवारी होते, आणि तीत मुलांच्या शिक्षणाची व्यवस्थाही तपासली जाते. खरा क्लब शाळेला सरावाइतकंच गंभीरपणे घेतो. माझ्या मुलाच्या गुडघ्याने सांगितलं ते हेच: खेळ थांबतो, कधी आठवड्यांसाठी तर कधी कायमचा, आणि त्या दिवशी हातात दुसरं काही असावं लागतं.

आता तपासायचं कसं. शाळेचं नाव सांगितलं की अकादमीच्या माणसाबरोबर नव्हे, एकटे जाऊन शाळेच्या कार्यालयात विचारा, आणि प्रवेशानंतर मुलाचा बोनाफाईड दाखला स्वतः शाळेतून घ्या. क्लबाच्या अधिकृत संकेतस्थळावरचा पत्ता घेऊन थेट क्लबाला लिहा. फुटबॉल महासंघाकडे विचारा, कारण क्लबाशी जोडलेल्या अकादमीला तिथे शिकणाऱ्या प्रत्येक अल्पवयीन मुलाची माहिती महासंघाला द्यावी लागते. १२व्या वर्षापासूनच्या नोंदी 'खेळाडूच्या पासपोर्ट'मध्ये, म्हणजे तो कधी कोणत्या क्लबाकडे होता याच्या नोंदपत्रात, येतात. आमच्या मुलाची तिथली नोंदच नव्हती, म्हणजे तो काळ कागदावर फुटबॉलमध्येही धरला गेला नाही. आणि एजंट म्हणवणारा कुणी भेटला तर त्याचा फिफा परवाना बघा. २०२३पासून तो पुन्हा सक्तीचा आहे. परवानाधारक एजंटालाही, मूल पहिला व्यावसायिक करार करू शकेल त्या वयाच्या ६ महिने आधीपर्यंत त्याच्याकडे जायला मनाई आहे, आणि त्यानंतरही पालकांची लेखी संमती लागते.

आम्ही तक्रार करायचं ठरवलं तेव्हा वाटलं होतं, सगळे पालक येतील. थोडेच आले. काहींचं म्हणणं होतं, वर्ष वाया गेलंच आहे, निदान फुटबॉल तरी राहू दे. एका वडिलांनी हात जोडून सांगितलं, "ताई, माझं नाव नका घालू. मुलगा पुढच्या स्पर्धेच्या संघात आहे." मला त्यांचा राग आला नाही. ज्या आशेवर त्यांनी पैसे भरले होते, तीच आशा त्यांचं तोंड बंद करत होती.

मुलाला एक इयत्ता मागे बसावं लागलं. आता तो साध्या शाळेत आहे, जवळच्या नोंदणीकृत क्लबाकडून खेळतो, गुडघा बरा आहे. पैसे परत मिळालेले नाहीत. तक्रार घेताना सुरुवातीला आम्हाला सांगितलं गेलं, की हा फीचा वाद आहे, दिवाणी कोर्टात जा. वकिलांनी मग पावत्या बाजूला ठेवल्या आणि प्रगतिपुस्तकं पुढे केली. दुसऱ्या शाळेचं नाव, खोटा शिक्का आणि खोटी सही असलेला कागद ही बनावट दस्तऐवजाची बाब आहे, आणि त्यावर तक्रार घेतली गेली. शाळेनेही ते प्रगतिपुस्तक आपलं नसल्याचं लेखी दिलं. तीन मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर गणिताचा तोच शेरा, त्याच अक्षरात निघाला. तेव्हा अशा कुठल्या अकादमीत तुमचं मूल असेल, तर आलेला प्रत्येक कागद, वेळापत्रक आणि मेसेज जपून ठेवा. प्रगतिपुस्तकाची मूळ प्रत 'सहीसाठी परत पाठवा' म्हणाले, तर तिची छायाप्रत पाठवा, मूळ प्रत घरीच राहू द्या.