‘लीज लाइन’ म्हणून विकलेले साधे ब्रॉडबँड : धरमपेठेतील एका कार्यालयाचा अनुभव

नागपूरच्या धरमपेठेत आमचे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. मासिक जीएसटी विवरणपत्रांच्या ११ आणि २० या तारखा जवळ आल्या की इंटरनेट बंद पडून चालत नाही. शिवाय काही अशील आपल्या दुकानात बसून आमच्या सर्व्हरवरील टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. ही गरज ऐकल्यावर एका स्थानिक सेवादाराच्या प्रतिनिधीने ‘१०० एमबीपीएसची लीज लाइन’, म्हणजे फक्त आमच्यासाठी राखीव जोडणी, सुचवली. वेग दुसऱ्या कोणाशी वाटला जाणार नाही, अपलोड आणि डाउनलोड सारखेच राहील, स्टॅटिक आयपी (कायम तोच राहणारा इंटरनेट पत्ता) मिळेल, असे त्याने सांगितले. दर साध्या ब्रॉडबँडपेक्षा थोडासाच जास्त होता, मात्र वर्षाचे पैसे आगाऊ हवे होते.

जोडणीच्या दिवशी त्याने स्पीड टेस्ट करून पूर्ण १०० चा आकडा दाखवला. ती चाचणी सेवादाराच्या स्वतःच्या सर्व्हरवर केलेली होती, म्हणजे तिने केवळ आमच्या टेबलापासून त्यांच्या यंत्रणेपर्यंतचा वेग मोजला. त्यापुढील वाट किती अरुंद आहे, हे तिच्यातून कळणे शक्यच नव्हते. तीच चाचणी मुंबई किंवा दिल्लीचा सर्व्हर निवडून, संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी केली तेव्हा वेग निम्म्याहूनही खाली आला आणि अपलोड तर नावापुरतेच उरले. अशिलांची टॅली जोडली जाईना, म्हणून राउटरमधील वॅन पत्ता (सेवादाराकडून राउटरला मिळालेला पत्ता) पाहिला, तर तो १००.६४ पासून सुरू होणारा निघाला. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवण्यासाठी वापरला जातो, त्यामुळे बाहेरून आपल्या सर्व्हरपर्यंत थेट पोहोचता येत नाही. स्टॅटिक आयपी दिलेलाच नव्हता. तक्रार केली की सिमेंट रस्त्याच्या खोदकामात केबल तुटल्याचे उत्तर मिळे, आणि नागपुरात या उत्तरावर कोणीही विश्वास ठेवतो.

खरा उलगडा बिलाने केला. त्यावर ‘ब्रॉडबँड प्लॅन’ असे छापलेले होते आणि १८ टक्के जीएसटीही वसूल केलेला होता. परंतु ते बिल आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (विक्रेत्यांच्या विवरणपत्रांवरून बनणाऱ्या क्रेडिटच्या यादीत) कधी आलेच नाही, म्हणजे त्या कराचे क्रेडिटही बुडाले. परतावा मागितल्यावर अर्जाच्या मागील बारीक छपाईतील ‘वेगाची हमी नाही’ या वाक्याकडे बोट दाखवण्यात आले.

म्हणून पैसे देण्यापूर्वी १:१ बँडविड्थ (कोणाशी न वाटलेला वेग), अपलोडचा वेग, स्टॅटिक आयपीचा प्रत्यक्ष क्रमांक आणि बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, हे सारे लेटरहेडवर लिहून घ्यावे; लीज लाइन खरोखर विकणारी कंपनी हे देण्यास कचरत नाही. आपल्या भागातील परवानाधारक सेवादार ‘संचार साथी’ संकेतस्थळावर पाहता येतात. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून क्रमांक घ्यावा लागतो आणि नंतर तिच्याच अपील प्राधिकरणाकडे जावे लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचाही मार्ग आहे, मात्र व्यावसायिक कारणासाठी घेतलेली सेवा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सहसा बसत नाही; स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्यालाच तेथे सवलत आहे.

आता आम्ही दोन वेगळ्या कंपन्यांचे साधे ब्रॉडबँड घेतले असून, त्यांपैकी एकावर लेखी स्टॅटिक आयपी आहे. दोन्हींच्या केबल एकाच खांबावरून येत नाहीत, हे लाइनमनसोबत गच्चीवर जाऊन पाहिल्यावरच पैसे भरले, आणि तेही तिमाहीचे.