मेंटॉर आपल्याच डिपार्टमेंटचा की बाहेरचा?

अमेरिकेत पब्लिक हेल्थ स्कूलमधे माता-बाल आरोग्य शिकवायला नवीन लागलेली ब्लॅक किंवा लॅटिना असिस्टंट प्रोफेसर असेल तर तिला मेंटॉर कुठून आणायचा, हा प्रश्न येतोच.

घरचा मेंटॉर सोपा पडतो. टेन्युअरचं, म्हणजे नोकरी कायम होण्याचं, घड्याळ साधारण ६ वर्षांचं, आणि कमिटीत कोण कशावर अडून बसतं, कुठल्या कामाला नाही म्हटलं तरी चालतं हे आतल्यालाच माहीत असतं. पण तोच उद्या तिच्या फाइलवर मत देणार, मग ती त्याच्यासमोर मोकळं काय बोलणार डोंबल! शिवाय डिपार्टमेंटमधे तिच्या विषयातलं कोणी नसेल तर सगळं अडलंच.

बाहेरचा एक्स्पर्ट तिथे कामाला येतो. २०२१ मधे तिकडे दर लाख जिवंत जन्मांमागे ब्लॅक मातांचे मृत्यू ६९.९ आणि गोऱ्यांचे २६.६ होते, आता यावर रिसर्च करायचा तर वंशभेदाकडे सिरियसली बघणारा माणूस हवा, आणि तो आपल्याच मजल्यावर सापडेल असं नाही. एनआयएचच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या, पैशातून २०१४ मधे नॅशनल रिसर्च मेंटॉरिंग नेटवर्क सुरू झालं ते अशाच जोड्या जुळवायला. अडचण एकच, मोठी माणसं हो म्हणतात आणि मग कॅलेंडरमधे सापडत नाहीत. म्हणून बोलावतानाच महिन्याला किती तास ते ठरवा, मानधन द्या, आणि प्लीज, दरवेळी त्याच दोन-तीन ब्लॅक सीनिअर बायकांना फुकट राबवू नका, त्यांच्यावर आधीच सगळ्या कमिट्यांचा भार असतो.

मी बाहेरचाच घेईन, फक्त टेन्युअरच्या भानगडींसाठी आतला एक जण हाताशी ठेवून.