सीईटीची ऑनलाइन सराव मालिका: प्रश्न चांगले, पर्सेंटाइलवर जाऊ नका

लेकीच्या बारावीच्या वर्षी जानेवारीत क्लासवाल्यांच्या सांगण्यावरून एमएचटी-सीईटी या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेसाठी ही मालिका घेतली. पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटाच्या 20 पूर्ण चाचण्या, दीड हजार रुपये. माझ्याकडून पाचपैकी तीन तारे.

प्रश्नांसाठी पूर्ण गुण देते. मी स्वतः शाळेत गणित शिकवते, म्हणून प्रत्येक चाचणीनंतर उत्तरं तिच्यासोबत बसून पाहिली. सुमारे 20 टक्के प्रश्न अकरावीचे, तेही नीट पेरलेले होते. कुठल्या प्रश्नाला किती सेकंद लागले, हेही दिसायचं. रसायनशास्त्र लवकर उरकून ती भौतिकशास्त्रात अडकते, हे आम्हाला तिथेच कळलं.

राग आहे तो गुणांच्या हिशोबावर. पहिल्या सहा चाचण्यांत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात होते. जेईई मेन या देशपातळीवरच्या परीक्षेत कापतात, एमएचटी-सीईटीत नाही! इथे भौतिक आणि रसायनचे 50-50 प्रश्न एकेक गुणाचे, गणिताचे 50 प्रश्न दोन गुणांचे, एकूण 200. जरा शंका आली तरी प्रश्न सोडून द्यायची सवय पोरीला लागली. एका चाचणीत गणिताचे 12 प्रश्न कोरे होते. चार पर्यायांतून डोळे मिटून टिचकी मारली असती तरी सरासरीने तीन बरोबर आले असते, म्हणजे सहा गुण. तक्रार केल्यावर आठ दिवसांनी दुरुस्ती झाली. सवय मोडायला मात्र महिना गेला.

दुसरी गोष्ट पर्सेंटाइलची. निकालाच्या पानावर भौतिक 91, रसायन 94, गणित 82 आणि खाली एकूण 89. म्हणजे तिघांची सरळ सरासरी! खरी परीक्षा घेणारा सीईटी सेल असं करत नाही. तिथे एकूण गुणांवरून एकूण पर्सेंटाइल वेगळं काढतात: त्या सत्रातल्या (म्हणजे शिफ्टमधल्या) शंभरांपैकी किती मुलांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत, ते. गणिताला निम्मे गुण असल्यामुळे सरासरीवरून अंदाज बांधता येत नाही. शिवाय ॲपवरची तुलना फक्त पैसे भरून चाचणी देणाऱ्या मुलांशी, आणि ती बहुतेक तयारीचीच असतात. तो 89 चा आकडा बघून ही दोन दिवस नीट जेवली नव्हती, म्हणून एवढं लिहितेय.

खऱ्या परीक्षेत तिची आणि मैत्रिणीची शिफ्ट वेगळी होती. उत्तरतालिकेवरून मोजले तर मैत्रिणीला चार गुण कमी, पण पर्सेंटाइल थोडं जास्त. मैत्रिणीच्या शिफ्टचा पेपर कठीण गेला होता, तिथे सगळ्यांचेच गुण खाली होते. प्रत्येक सत्राची तुलना त्या सत्रातल्या मुलांशीच होते, यात अन्याय काही नाही. पण दीड हजार घेणाऱ्यांनी हे एका पानावर समजावून सांगायला नको का? नातेवाईक तर पर्सेंटाइलला टक्केच समजतात. आमच्या वन्संनी ‘एवढे टक्के!’ म्हणून पेढे आणले. मी त्यांनाही बसवून समजावलं.

घेणार असाल तर गुण वहीत लिहा, पर्सेंटाइलचा रकाना झाकून ठेवा. धाकट्यासाठी पुढच्या वर्षी फक्त गणिताचा संच घेणार आहे, तोही पहिल्या चाचणीत गुण कापत नाहीत हे तपासून.