कडक बाहुला की मऊ बाहुली? शब्दभ्रमात पुढची पायरी चढताना

ओठ न हलवता चार वाक्यं सलग बोलता यायला लागली की शब्दभ्रम, म्हणजे बाहुलाच बोलतोय असा भास करून देण्याची कला, शिकणारा प्रत्येकजण एका प्रश्नापाशी येऊन थांबतो. आता हातात कोण घ्यायचं? जबडा आणि डोळे कळीने हलणारा कडक बाहुला, की हात आत घालून बोलती करायची मऊ बाहुली? बरेच जण रूप बघून ठरवतात, नाहीतर बाहुला बोलताना कसा दिसतो ते बघून. मी म्हणेन, तो गप्प असताना काय करतो ते आधी बघा. तुम्ही बोलत असता तेव्हा तो ऐकतोय असं वाटलं, तरच त्याची पाळी आल्यावर तो खरा वाटतो. कार्यक्रमाचा निम्मा वेळ बाहुला गप्पच असतो आणि प्रेक्षक तेव्हाही त्याच्याकडेच बघत असतात.

दोघांची रचनाच मुळात वेगळी. कडक बाहुल्याचं डोकं लाकडाचं, कागदाच्या लगद्याचं, फायबरग्लासचं किंवा रेझिनचं असतं. धड पोकळ असतं. पाठीच्या भोकातून हात आत गेला की मानेतून खाली आलेली दांडी मुठीत येते. दांडी फिरवली की मान वळते, जरा वर सरकवली की मान उंचावते. जबड्याची, डोळ्यांची आणि असल्यास भुवया-पापण्यांची कळ याच दांडीवर असते. मऊ बाहुलीत यातलं काहीच नाही. फोम, कापड आणि तुमचा पंजा: चार बोटं वरच्या ओठात, अंगठा खालच्या.

खरा फरक कळतो तो शब्द आणि तोंड यांचा मेळ घालताना. ‘नमस्कार’ म्हणून बघा. लिहिताना अक्षरं चार, पण तोंड उघडतं तीनदा: न, मस्, कार. बाहुल्याचं तोंडही तीनदाच उघडायला हवं. नवशिके प्रत्येक अक्षराला जबडा फडफडवतात आणि बाहुला शब्द चावत असल्यासारखा दिसतो. मऊ बाहुलीत आणखी एक खोड लागते. अंगठा खाली नेण्याऐवजी चार बोटं वर उचलली जातात आणि बाहुली दर शब्दाला छताकडे बघते. ही खोड मोडायला आरशासमोर खूप बसावं लागतं: मनगट किंचित खाली झुकवलेलं, वरची बोटं स्थिर, काम फक्त अंगठ्याचं. कडक बाहुल्याचा जबडा खालीच जातो, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. तिथे पंचाईत होते ती बोट शब्दाच्या मागे पडण्याची, कारण कळ दाबून जबडा हलेपर्यंत थोडा वेळ जातो.

आता प, फ, ब, भ, म. ओठ मिटल्याशिवाय हे निघत नाहीत, म्हणून शब्दभ्रमकार जिभेकडून काम करून घेतो. प साठी त, फ साठी थ, ब साठी द, भ साठी ध, म साठी न, पण मनात मूळ अक्षर धरून आणि जीभ दातांमागे हलकी टेकवून. मराठीत यातला धोका ताबडतोब ऐकू येतो: ‘बाबा’चं ‘दादा’ होतं, ‘मामा’चं ‘नाना’. वाक्याचा संदर्भ थोडं सावरून घेतो, उरलेलं काम बाहुल्याच्या तोंडाने करायचं. ‘बाबा’च्या प्रत्येक ब च्या आधी बाहुल्याचं तोंड क्षणभर घट्ट मिटलेलं असू द्या आणि मग झटक्यात उघडा. प्रेक्षकाला ओठ मिटलेले दिसतात आणि त्याचा कान ब कडे झुकतो. हॅरी मॅगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली दाखवून दिलं होतं की समोरच्याचे ओठ कसे हलताना दिसतात त्यावर आपल्याला ब ऐकू येतो की द, हे बदलू शकतं. आपली कला याच फटीतून आत शिरते.

इथे मला मऊ बाहुली उजवी वाटते. अंगठ्याचा दाब कमी-जास्त करता येतो, ओठ नुसते टेकवता येतात किंवा आवळता येतात. म चं मिटणं आणि प चं मिटणं वेगळं दाखवता येतं. कडक जबडा एकतर उघडा नाहीतर बंद. मात्र मोठ्या सभागृहात शेवटच्या रांगेतून हा बारकावा दिसत नाही, कडक जबड्याचं स्पष्ट उघडणं-मिटणं दिसतं.

गप्प बसण्यात दोघांची वेगवेगळी परीक्षा होते. मऊ बाहुलीत हात थकला की बोटं सैलावतात आणि तोंड हळूच उघडं पडतं. तुम्ही गंभीर वाक्य बोलताय आणि बाजूला बाहुली आ वासून बसलीय, अशी गत होते. तिची नजरही शिवलेली. कुणाकडे बघायचं हे सगळं मनगटाने ठरतं आणि दोन अंश चुकलं तरी ती प्रेक्षकाच्या डोक्यावरून बघते. कडक बाहुल्याचा जबडा स्प्रिंगने आपोआप मिटतो, डोळे बाजूला सरकतात आणि मान न हलवता तो तुमच्याकडे तिरका बघू शकतो. तुम्ही बढाई मारताय, त्याने आधी डोळे वळवले, थांबला, मग डोकं वळवलं: एक शब्दही न बोलता हशा येतो. पण कळा आहेत म्हणून सारख्या दाबत राहिलात तर ऐकणं संपतं आणि यंत्र दिसू लागतं. डोळे दोन-तीन वाक्यांत एकदा हलले तरी पुरे.

पात्र कोणतं, यावरही बरंच ठरतं. उद्धट, हजरजबाबी, मोठ्यांना टोमणे मारणारं माणसाचं पात्र कडक बाहुल्याला शोभतं. चेहरा न बदलता तो बोचरं बोलतो, म्हणून ते जास्त लागतं. यशवंत पाध्ये यांच्यापासून रामदास पाध्ये यांच्याकडे आलेला अर्धवटराव आठवा. अमेरिकन शब्दभ्रमकार एडगर बर्गनचा बाहुला चार्ली मॅकार्थी तर 1937 पासून रेडिओवर गाजला, जिथे बाहुला कुणाला दिसतच नव्हता. बर्गनचे ओठ हलतात हे लोकांना ठाऊक होतं, तरी 1938 साली त्याला खास ऑस्कर मिळालं, तेही लाकडी आणि जबडा हलणारं. पात्र इतकं पक्कं असेल तर प्रेक्षक पुष्कळ माफ करतो. याउलट प्राणी, लहान मूल, लाजरं किंवा प्रेमळ पात्र मऊ बाहुलीत फुलतं. शब्दभ्रमकार शारी लुईसचं लँब चॉप हे कोकरू म्हणजे मुळात एक मोजा, पण 1956 पासून मुलांनी त्याला जीव लावला. डार्सी लिन 2017 साली बाराव्या वर्षी ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ ही टीव्हीवरची स्पर्धा जिंकली, ती पेट्युनिया या मऊ सशाला गायला लावून. लहान मुलांसमोर हुबेहूब माणसासारखा कडक बाहुला आणला तर काही मुलं घाबरतात, हे विसरू नका.

वजन, प्रवास, दुरुस्ती यांचा हिशेब सरळ आहे. मऊ बाहुली पिशवीत मावते आणि शिवणकाम येत असेल तर घरी बनते, पण हात सतत उचलून धरावा लागत असल्याने खांदा लवकर भरून येतो. कडक बाहुला मांडीवर किंवा स्टँडवर बसतो, मात्र त्याला पेटी लागते, दमटपणा सोसत नाही आणि ऐनवेळी स्प्रिंग सुटली तर ती बसवता आली पाहिजे. शिवाय जबड्याचा खट्ट आवाज माईक पकडतो. शब्दभ्रमकार जिमी नेल्सनच्या फारफेल या कुत्र्याच्या बाहुल्याचा जबडा चॉकलेटच्या जाहिरातीच्या चाचणीत असाच वाजला होता. कंपनीला तो आवाज आवडला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली. एरवी जबड्यात आतून फेल्टचा (दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाचा) तुकडा चिकटवणं बरं.

माझा सल्ला: सराव सुरू होऊन फार काळ झाला नसेल तर मऊ बाहुली घ्या. ती जीभ आणि बोटं यांना एकत्र बांधते. हा मेळ बसण्याआधी डोळे-भुवयांच्या कळा हातात आल्या तर लक्ष कळांकडे जातं आणि ओठ हलू लागतात. याला अपवाद एकच. तुमच्या डोक्यात एका आगाऊ पात्राचा आवाज आधीच पक्का असेल, तुम्ही संवाद लिहीत असाल आणि समोर मोठी माणसं असतील, तर थेट कडक बाहुल्याकडे जा, फक्त पहिले काही महिने जबडा आणि मान एवढंच वापरा. मानेमागच्या दोरीने नुसतं तोंड उघडणारा स्वस्त बाहुला मात्र टाळा. त्याला मानच वळवता येत नाही, मग तो ऐकणार कसा?

कोणताही घ्या, पैसे देण्याआधी तो हातावर चढवून पाच मिनिटं एक शब्दही न बोलता बसा आणि कुणाला तरी समोरून बघायला सांगा. कडक असेल तर कळ सोडल्यावर जबडा पूर्ण मिटतो का आणि दांडी मुठीत न सरकता बसते का ते तपासा. मऊ असेल तर बोटं आत घट्ट बसतात का आणि तोंड मिटून ठेवायला जोर लावावा लागतो का ते पाहा. जोर लागत असेल तर ती बाहुली तुमच्या हाताच्या मापाची नाही, दुसरी बघा.