ते पाच स्टार मीच दिले होते

गेल्या महिन्यात डब्याच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. कागलकडचे कुणी गृहस्थ होते. "साहेब, तुमच्या डोळ्याचं लेसर झालंय न्हवं? दवाखान्यातनंच तुमचा नंबर दिलाय. पोरीचं लग्न ठरतंय, चष्मा घालवायचा म्हणतोय. कसं वाटतंय आता तुम्हाला?" घास हातातच राहिला. दीड वर्षापूर्वी असाच फोन मी तिघांना केला होता आणि त्यांच्या भरवशावर टेबलावर जाऊन झोपलो होतो.

मी शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला क्वालिटीत आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग झालं की आम्ही मापं घेतो, नापास नग बाजूला काढतो. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेपाच, डाव्याचा उणे पाच. चष्म्यावर सेफ्टी गॉगल धड बसत नाही म्हणून सहा-सात वर्षं लेन्स वापरल्या. धूळ, घाम, संध्याकाळी लालबुंद डोळे. शेवटी वैतागून लेसर करायचं ठरवलं.

शोध मी मन लावून केला, असं तेव्हा वाटत होतं. रात्र-रात्र लोकांचे अनुभव वाचले. कुणाला दुसऱ्या दिवशी उठल्याबरोबर भिंतीवरचं घड्याळ दिसलं, कुणाला रंकाळ्याच्या पलीकडच्या काठावरची माणसं दिसली, कुणाला डॉक्टरांत देव दिसला. काउंटरवरच्या मॅडमनी 'तुम्हीच बोलून बघा की' म्हणत तीन जुन्या पेशंटचे नंबर दिले. तिघंही तोंडभरून बोलले. एक जण तर म्हणाला, "डोळे झाकून जावा!"

आता तेच अनुभव परत वाचतो तेव्हा कळतं की जवळजवळ सगळे पहिल्या आठ दिवसांतले आहेत. लॅसिक, म्हणजे हेच लेसरचं ऑपरेशन, झाल्यावर दुसऱ्या दिवशी घड्याळ बहुतेकांना दिसतंच, त्यात अमक्या डॉक्टरची अशी वेगळी कर्तबगारी काही नाही. सहा महिन्यांनी रात्री हायवेला समोरून ट्रक आला की काय दिसतं, हे एकानंही लिहिलेलं नव्हतं. आधीचा नंबर किती होता, बुबुळाची जाडी किती, लेसर मारण्याआधी बुबुळाचा वरचा पातळ पडदा कापून उचलतात तो ब्लेडनं उचलला की लेसरनं, यातलं अक्षर नाही. स्टाफ प्रेमळ आहे आणि एसी चांगला आहे, एवढं मात्र पन्नास जणांनी सांगितलेलं.

आणि मी कोण, तर क्वालिटीवाला! लॉट तपासताना नग आपण मधून-खालून उचलायचे, सप्लायरनं वर मांडून ठेवलेले नाही, हे मी नव्या पोरांना पहिल्याच दिवशी शिकवतो. इथं सप्लायरनं तीन नग हातात दिले आणि मी अख्खा लॉट पास केला.

पॅकेज 'ब्लेडलेस'चं, म्हणजे पडदाही लेसरनंच कापायचं होतं, दोन्ही डोळ्यांचे ६८ हजार. तपासणीला गेलो तेव्हा डोळ्यांत लेन्स होत्या. त्या काढायला लावल्या आणि अर्ध्या तासात मशीनवर हनुवटी टेकवून बुबुळाचा नकाशा काढला. लेन्समुळे बुबुळाचा आकार तात्पुरता बदलतो, म्हणून सॉफ्ट लेन्स या मापाआधी आठवडा-दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात, हार्ड असतील तर त्याहून जास्त. गरम जॉबचं माप आम्ही घेत नाही, निवू देतो. माझ्या डोळ्याला तेवढीही सवड मिळाली नाही. मग डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) बघायला बाहुली मोठी करणारे थेंब घातले, आणि ते चढल्यावर संमतीपत्र पुढ्यात आलं. इंग्रजीत, बारीक अक्षरांत. अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलत होती. मॅडमनी बोट ठेवलं, मी सही केली. चार ठिकाणी.

ऑपरेशन करणारे डॉक्टर बाहेरगावचे, महिन्यातून एका रविवारी येणारे. त्या रविवारी आम्ही अकरा जण होतो. डोळ्यावर रिंग बसवली, ती दाबल्यावर सगळं काळं झालं, आणि घर्रर करून एक बारीक मोटर डोळ्यावरून सरकत गेली. त्यानंतर लेसरची टकटक आणि केस जळल्यासारखा वास. दिवसभर कटरच्या आवाजात वावरणारा माणूस मी. ती मोटर मला तेव्हाच खटकली होती. पण डोळे उघडे धरून आडवं पडलेला माणूस काय विचारणार!

तिसऱ्या दिवशी तपासणीला गेलो. काळा गॉगल, डोळ्यांतून पाणी, पण लांबची पाटी वाचता येत होती, स्वारी हवेत होती. मॅडम म्हणाल्या, "पाच स्टार द्या की दादा, दोन हजार परत देतो." मजकूरही तयार होता, फक्त माझ्या मोबाईलवरून टाकायचा. घड्याळ दिसल्याचं वाक्यही त्यातच होतं. आमच्या खोलीत घड्याळच नाही.

दोन महिन्यांत जळजळ सुरू झाली. सकाळी पापणी उघडताना वाळूचा कागद घासल्यासारखं व्हायचं. रात्रपाळी सुटल्यावर हायवेला प्रत्येक दिव्याभोवती पिसारा. "होईल कमी, थेंब चालू ठेवा," एवढंच ऐकायला मिळायचं, डॉक्टर पुढच्या रविवारी. आठव्या महिन्यात बायको म्हणाली, "अहो, मिरजेला दाखवूया." तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती अश्रूंनी किती भिजते ते बघायचं, दहा मिलिमीटरच्या वर असावी. माझी भरली चार. "ही ऑपरेशनच्या आधी नव्हती लावली?" त्यांनी विचारलं. नव्हती. लॅसिकमध्ये बुबुळाच्या नसा कापल्या जातात म्हणून काही महिने कोरडेपणा बहुतेकांना येतो. वर्षानुवर्षं लेन्स वापरणाऱ्याचा डोळा आधीच कोरडा असू शकतो. म्हणूनच ती पट्टी आधी लावायची.

त्यांनी जुनी फाईल मागितली. मी दवाखान्यात लेखी अर्ज दिला. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीनुसार मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात, मला नऊ दिवस हेलपाटे पडले. फाईल उघडली आणि ती मोटर सापडली. ऑपरेशनच्या टिपणात लिहिलं होतं, मायक्रोकेरॅटोम, १३० चं हेड. म्हणजे मोटरवर चालणारं ब्लेड, १३० मायक्रॉन जाडीचा पडदा कापणारं.

त्या रात्री कागद-पेन घेऊन हिशेब मांडला. बुबुळाची जाडी ५१२ मायक्रॉन (हजार मायक्रॉनचा एक मिलिमीटर), साधारण असते ५४० च्या आसपास. साडेसहा मिलिमीटरच्या गोलात दर नंबरामागे लेसर साधारण १४ मायक्रॉन खरवडतं, साडेपाचाचे झाले ७७. पडदा १३०. खाली उरले ३०५. किमान २५० उरायला हवेत, बरेच सर्जन ३०० धरतात. म्हणजे बसलो, पण काठावर. ब्लेडचा पडदा वीस-तीस मायक्रॉन जाड निघू शकतो. आम्ही पाच मायक्रॉनसाठी नग परत पाठवतो हो! स्वतःच्या डोळ्याचं ड्रॉइंग मी मागितलंसुद्धा नव्हतं.

एक गोष्ट कबूल करतो. माझे डोळे गेले नाहीत. पाटीवर सहा बाय सहा, म्हणजे निरोगी डोळ्याइतकं दिसतं. ब्लेडचं लॅसिकही वाईट नसतं, त्यावर हजारो लोक सुखात आहेत, आणि कोरडेपणा ब्लेडलेसमध्येही आला असता. पण पैसे एका कामाचे घेऊन दुसरंच केलं, आणि माहीत असायला हवं ते मला विचारताही येऊ नये अशा बेतानं सह्या घेतल्या. जाब विचारला तर संमतीपत्रातली ओळ दाखवली, तिथं दोन्ही पद्धती छापलेल्या होत्या. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर बोललोय. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, माझे सहा महिने उरलेत. वकिलांकडे कागद दिलेत.

तर कागलचे ते गृहस्थ. त्यांना म्हणालो, दवाखान्यानं दिलेल्या नंबरांवर फोन करू नका, माझ्यावरसुद्धा नको. वर्ष उलटलेला पेशंट स्वतः शोधा, शक्यतो पोरीएवढ्याच नंबराचा. त्याला घड्याळाचं विचारू नका, रात्रीच्या गाडीचं आणि थेंबांचं विचारा. तक्रार घेऊन गेल्यावर डॉक्टर भेटले का, ते विचारा. संमतीपत्र आदल्या दिवशी घरी आणून वाचा. लेन्स वापरत असेल तर बंद करून मगच मापं घ्या.

पलीकडे बराच वेळ काही बोलणं नाही. मग म्हणाले, "मग तुमच्या नावानं ते घड्याळाचं कोण लिहिलंय?"

"मीच. दोन हजार मिळाले होते."

"आणि आमच्या पोरीला घालायचं होतं व्हय त्या दोन हजारांत?"

उत्तर नव्हतं. त्याच संध्याकाळी ते पाच स्टार काढले आणि त्याच जागी जाडी, हेड, पट्टीचे चार मिलिमीटर, सगळं लिहिलं. चार दिवसांत ते तिथून गायब झालं. म्हणून इथं लिहितोय. ते गृहस्थ गुरुवारी पोरीचे रिपोर्ट घेऊन येणार आहेत, माझ्या फाईलच्या शेजारी ठेवून बघायला. मी झेरॉक्स काढून ठेवलीय.