पाटा वाढवू का हवेचे शॉकअप टाकू? पिकअपवाल्यांसाठी माझा अनुभव

माल भरल्यावर गाडी मागं बसू नये म्हणून मागच्या स्प्रिंगला एक जादा पाटा, म्हणजे लोखंडी पट्टी, घालतात, नाहीतर हवा भरायचे शॉकअप (शॉक ॲब्सॉर्बर) टाकतात. दोन्ही प्रकार माझ्याच गाडीवर करून झालेत म्हणून सांगतोय. गाव वाईजवळ, गाडी पिकअप, आणि भाडं दोन टोकांचं. एका दिवशी कोरेगावकडचं आलं भरून पुण्याच्या गुलटेकडी मार्केटला, दुसऱ्या दिवशी भिलारवरनं स्ट्रॉबेरी. आल्याला गाडी पासिंगपर्यंत, म्हणजे कागदावर मंजूर वजनापर्यंत भरते, स्ट्रॉबेरीला हौदा गच्च दिसतो पण वजन निम्मंसुद्धा नसतं. तुमचं भाडं वर्षभर एकसारखं असेल तर माझं गणित तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

पहिल्यांदा मी सगळे करतात तेच केलं, मागं दोन्ही बाजूला एकेक पाटा वाढवला. त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पाटेवाला प्रत्येक तालुक्याच्या गावात आहे, सेंटर बोल्ट नि यू-बोल्ट खोलून अर्ध्या दिवसात काम होतं, शंभर-दोनशे किलोमीटरनं यू-बोल्ट परत आवळून घेतले की विसरून जायचं. आलं भरलं तरी गाडी मागं बसायची नाही. आधी मागून बसली की हेडलाईट पार झाडाच्या शेंड्यावर जायचे, समोरचा डिपर मारमारून वैतागायचा, तेही बंद झालं.

पण मग स्ट्रॉबेरी सुरू झाली. पहाटे मार्केटला फाळका खाली केला तर मागच्या ओळीतल्या वरच्या डब्यांच्या झाकणाला आतनं लाल पाणी लागलेलं. पुढचे क्रेट चांगले, मागच्या चाकाच्या वरचे आणि त्याच्या मागचे तेवढेच खराब. व्यापाऱ्यानं एक फळ उचलून अंगठ्यानं हळूच दाबलं, ते बसलं, आणि त्यानं मागची अख्खी ओळ बाजूला काढली. मला वाटलं तोडणीच पिकलेली असंल. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्याला पण तेच. वाढवलेला पाटा भरगच्च वजनाला चांगला, कमी वजनाला तो वाकतच नाही, मग रस्त्याचा प्रत्येक धक्का सरळ हौद्यात. गाडी मी तीच चालवत होतो, रस्ता तोच, फक्त पाटा नवा होता. शेतकऱ्यानं पहाटे उठून एकेक फळ डबीत लावलेलं असतं हो, आणि ते आपल्या गाडीत खराब होतं हे मला काही सहन होईना. आठवड्यात दोनदा पाटा काढायचा नि घालायचा हे तर शक्यच नाही. माझा निर्णय खरं म्हणजे तिथंच झाला.

हवेचे शॉकअप म्हणजे साध्याच शॉकअपवर रबराचा फुगा. ट्यूबसारखा व्हॉल्व्ह असतो, पंक्चरवाल्याकडं हवा भरता येते. वजन कमी तर हवा कमी, वजन वाढलं तर हवा वाढव. माझ्या जोडीला कमीत कमी २० पॉईंट (पीएसआय, हवेचा दाब) आणि जास्तीत जास्त १५० सांगितलेत. २० च्या खाली चालवायचं नाही कारण रबर स्वतःवरच दुमडतं, घासतं नि फाटतं. त्यात हवा एवढीशीच मावते की नुसतं गेज लावून बघितलं तरी दोन-चार पॉईंट उतरतात, त्यामुळं सारखं तपासत बसू नका आणि भरताना थोडी थोडी भरा.

ह्याचा त्रास नाही असं नाही. खर्च मला पाट्याच्या तिपटीच्या आसपास आला. मापाचं मिळवायला बंद लांबी, उघडी लांबी, बुशचं माप सगळं घ्यावं लागलं, आणि फुगा फुगल्यावर टायरला किंवा पाट्याला लागत नाही ना हेही बघावं लागलं. व्हॉल्व्हपासून फुग्यापर्यंतची हवेची नळी सायलेन्सरपासून लांबनं न्यायची, आणि पक्कडीनं नाही तर ब्लेडनं सरळ कापायची, तिरकी कापली की जॉईंटमधनं हवा जाते. माझी एका बाजूची महिनाभर हळूहळू उतरत होती, साबणाच्या पाण्यानं बुडबुडा सापडला.

मिस्त्री म्हणाला, "अण्णा, दोन्हीला मिळून एकच व्हॉल्व्ह टाकू, दोन कशाला?" ते मात्र ऐकू नका. पसरणी घाटात वळणावर एका बाजूला भार आला की दाबलेल्या बाजूची हवा नळीतनं दुसऱ्या बाजूला पळते आणि गाडी आणखी कलते. मी एक दिवस तसं चालवून बघितलं, दत्त मंदिराच्या अलीकडच्या वळणालाच पोटात गोळा आला, दुसऱ्या दिवशी दोन व्हॉल्व्ह वेगळे करून घेतले.

आणि ज्यांना पासिंगच्या वर माल भरायचाय त्यांनी हवेच्या नादाला लागूच नये. पाट्याचं वजन हँगरमधनं, म्हणजे पाटा जिथं अडकवलेला असतो तिथनं, चेसिसवर जातं, शॉकअपचं वजन त्याच्या पिनवर आणि ब्रॅकेटवर येतं, आणि ते ब्रॅकेट मुळात वजन उचलायला केलेलं नसतं. अर्थात पासिंग पाट्यानं पण वाढत नाही, ओव्हरलोडचा दंड २० हजार आणि वर प्रत्येक टनाला २ हजार, तो दोघांनाही सारखाच.

ब्रेकचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. बऱ्याच पिकअपला मागच्या ब्रेकसाठी लोडप्रमाणं काम करणारा व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा एक्सलला जोडलेला. मागून गाडी उचलली की त्याला वाटतं गाडी रिकामी आहे आणि तो मागचा ब्रेक कमी करतो. पाटा घाला नाहीतर हवा, तो सेट करून घेतल्याशिवाय भरलेली गाडी घाटात उतरवू नका.

सध्या माझं स्ट्रॉबेरीला २५ पॉईंट आणि आल्याला ८० च्या आसपास बसलंय, फाळक्याच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवलंय. मागच्या ओळीचे क्रेट आता पुढच्यासारखेच उतरतात. तुमच्या गाडीला आकडे वेगळे येतील, म्हणून रिकाम्या गाडीची हौद्याच्या कडेपासून जमिनीपर्यंतची उंची टेपनं मोजून ठेवा, माल भरल्यावर त्याच्या दोन बोटं खालीपर्यंतच हवा भरा, आणि माल उतरवला की परत कमी करायला विसरू नका.